तेवीस वेळा बाबा

"बाबा, आपल्या घरात सध्या किती मेलेली माणसं आहेत?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी भोंगाशी लावली होती. अट एकच: हसायचं नाही. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून ती कुणाहीसमोर मोठ्यानं बोलायला घाबरेनाशी झाली होती, म्हणून वर्गात तिचं नाव भोंगा पडलं होतं. भोंगानं शाळेतून आल्या आल्या, दप्तरसुद्धा न उतरवता, विचारून टाकलं.

घराच्या पुढच्या खोलीत बाबा निधनाच्या जाहिराती आणि फोटोचे फलक बनवायचे. त्यांनी मानही वर केली नाही. "चार हजार एकशे बारा. आणि हा एक अडकलाय."

पडद्यावर एक निवृत्त कंपाउंडर मिशीपर्यंत उमटले होते. खाली नुसतं पांढरं. कॉम्प्युटर तिथेच हँग झाला होता. स्टुलावर कंपाउंडरांचा मुलगा बसला होता, चाळिशीचा, डोळे रडून सुजलेले.

"बाबांना चार वाजता नेणार आहेत हो," तो म्हणाला. घड्याळात अडीच वाजले होते.

"बंद करून चालू करा!" आतून आई ओरडली.

"दोनदा केलं!"

"मग जरा थोपटून बघा!"

"मशीन आहे ते, तान्हं बाळ नाही!"

भोंगानं बाबांना खुर्चीवरून उठवलं, कॉम्प्युटर तिसऱ्यांदा चालू केला आणि तो उघडेपर्यंत एक अख्खं नख कुरतडून संपवलं. मग तिनं आत किती जागा उरलीये ते पाहिलं. "बाबा, डिस्क काठोकाठ भरलीये. काम करायला जागाच उरली नाही त्याला. जुनी माणसं काढा."

"हात लावू नकोस! दर वर्षी घरचे येतात, फोटो मागतात. एकदा गेलेल्यांना मी परत घालवू?"

स्टुलावरचा मुलगा दचकला. "माझी आई पण त्यातच आहे ना?"

"आहे हो. सुखरूप आहे."

मग भोंगानं सगळ्यात जड फायली वर आणल्या. पहिलीचं नाव होतं 'मी आता खरंच फायनल'. तिच्याखाली 'मी एकदम फायनल', 'मी फायनल नवा', 'मी फायनल'. एकूण तेवीस, दर वर्षाची एक. तिनं पहिली उघडली. निळ्या शर्टातले बाबा, भोवती फुलं, खाली 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. वय एकोणपन्नास. तारीख तेवढी रिकामी. त्यांच्या पश्चात पत्नी व एक हुशार मुलगी.

दुसऱ्या फायलीत वय अठ्ठेचाळीस आणि नुसतीच मुलगी.

"बाबा! 'हुशार' कुठे गेलं?"

"त्या वर्षी गणितात किती पडले होते?"

स्टुलावरचा मुलगा वाकून बघत होता. "काका, फोटो छान आलाय तुमचा. हीच फुलं आमच्या बाबांना लावाल?"

भोंगाला हसू आलं आणि मध्येच अडकलं, कंपाउंडरांसारखंच. "हे कशाला करून ठेवलंत?"

"माझी जाहिरात दुसऱ्या कुणी केली तर ओळखपत्रावरचा फोटो लावतील," बाबा कीबोर्ड पुसत म्हणाले.

आई दारात आली होती. "माझ्याही वेगळ्या नऊ आहेत तिथे. ऐनवेळी तुझी धांदल नको."

भोंगानं बत्तीसच्या बत्तीस फायली निवडल्या.

"अगं, तो मी आहे!"

"तुम्ही तेवीस वेळा आहात, बाबा!"

कॉम्प्युटरनं थंडपणे विचारलं: बत्तीस फायली कायमच्या काढून टाकायच्या? तिनं 'हो' दाबलं.

पंखा घरघरला. पडद्यावर कंपाउंडर पुन्हा उमटू लागले; मिशी पूर्ण झाली, मग ओठ आले, मग हनुवटी. स्टुलावरचा मुलगा उठून जवळ आला. "दाढी करताना इथे नेहमी थोडी राहून जायची," तो पडद्याला बोट लावून म्हणाला, आणि बराच वेळ बोट काढलं नाही. सव्वातीनला तो छापलेला फलक छातीशी धरून गेला. बाबांनी वहीत चार हजार एकशे तेरा लिहिलं.

मग ते रिकाम्या पडद्याकडे बघत पुटपुटले, "तेवीस वर्षांची मेहनत."

"माझं ठरलंय," भोंगानं जाहीर केलं. दप्तर अजून पाठीवरच होतं. "तुम्ही दोघांनी इतक्यात मरायचं नाही. आणि पुढे कधी जाहिरात करायचीच झाली, तर ती मी करणार. त्यात 'हुशार मुलगी' दोनदा येईल!"