आडवा वारा आणि पहिला चहा

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी सकाळपासून धावपट्टीला आडवी, ताठ उभी होती. आणि तिच्याकडे बघायचंच नाही, असं फ्लाइंग क्लबातल्या झाडून सगळ्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

शिकाऊ वैमानिकांतल्या धाकटीला मात्र बघणं भाग होतं. आज ती पहिल्यांदाच एकटीनं विमान उडवणार होती आणि ते बघायला बाबा आले होते. बाबा बोटीवर इंजिनिअर. उद्या निघाले की सहा महिने तोंड दिसायचं नाही. सोबत आत्या, तिला ऊन, धूळ आणि भाचीचं विमान, तिन्ही सारखंच नापसंत.

"वारा काय छान सुटलाय गं! विमानाला ढकलायला बरा."

"आत्या, तो मागून नाही, बाजूनं येतोय. उतरताना चाकं पट्टीवर आणि शेपूट गवतात, असं होईल."

"मग जरा तिरकं उतरव."

धाकटी विमान शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेली. हा माणूस हवेत अखंड बडबडायचा. पण जमिनीवर 'जाऊ का?' विचारलं की मौनीबाबा. उड्डाणाचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा, हा त्यांचा हट्ट.

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला चहा घ्यावासा वाटतोय. पाजणारा भेटत नाही."

क्लबात रीतच होती. दिवसाचं पहिलं उड्डाण जो रद्द करील, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. चहा कुणालाच जड नव्हता. पण ट्रे घेऊन फिरायचं म्हणजे 'सगळ्यांत आधी मी घाबरलो' अशी दवंडीच. म्हणून पिकल्या केसांचे वैमानिकही फळ्यावर नावं लिहून, विमानात इंधन भरून, कॅन्टीनमध्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"पडेल वारा," एक म्हणाला.

"पडणारच," दुसरा म्हणाला. वाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

धाकटीनंही उड्डाण अर्धा तास पुढे ढकललं. तेवढ्यात बाबांनी रखवालदार, मेकॅनिक आणि झाडूवाल्या मावशींना 'माझी मुलगी बरं का' सांगून कुंपणापाशी खुर्च्या मांडल्या. आणखी अर्धा तास ढकललं, तर खुर्च्यांची दुसरी रांग लागली. आता माघार घेणं म्हणजे भरल्या मांडवातून उठणं.

ती विमानापाशी गेली. तेवढ्यात झोत आला आणि उभ्या विमानाचा एक पंख झोपेत कूस बदलावी तसा वर उचलला गेला. धाकटीनं त्याच्यावर हात ठेवला, क्षणभर बाबांकडे पाहिलं, आणि तडक कॅन्टीनमध्ये जाऊन फळ्यावरचं आपलं नाव पुसलं.

"माझं रद्द. चहा माझ्याकडून."

 मग खुर्च्या सरकल्या. फळ्यापुढे ही रांग लागली! पिकल्या केसांचे सगळ्यांत पुढे.

"पोरी, माझंही पूस."

"ढकलू नका हो!"

मास्तरांनी आपलं नाव स्वतःच पुसलं. "विमान वर न्यायला मी शिकवलं तुला," ते हळूच म्हणाले, "हे सगळ्यांत आधी पुसणं मात्र मला अजून जमत नाही."

दारात बाबा उभे होते, मागे आत्या.

"बाबा, चुकलंच... उद्या तुम्ही निघणार..."

"एवढ्या लांब आम्ही काय चहा प्यायला आलो?" आत्या म्हणाली.

 बाबांनी रांग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. इतक्यात बोटीवरच्या मित्राचा फोन आला.

"काय रे, उडाली का मुलगी?"

"उडतेय कसली!" बाबा कॅन्टीनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "एकटीनं अख्खं विमानतळ खाली बसवलं!"