व्याह्यांच्या रेडिओवर ताई

"गाडीत फोन कसा लावायचा, ते मला विचारा!" असं चष्मेवाले दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. माणूस यायचा डोळ्यांचा नंबर काढायला आणि फोनच्या स्टँडवर व्याख्यान ऐकून जायचा.

अनुभव दांडगा होता. काचेला रबरी वाटीने चिकटणारा स्टँड उन्हात तापला की पिकल्या फळासारखा टपकन गळायचा. डॅशबोर्डवरच्या दुसऱ्याने फोन घट्ट धरला, पण समोरचा अर्धा रस्ताच झाकला. शेवटी त्यांनी एसीच्या जाळीत अडकवायचा चुंबकवाला आणला.

"पहाड हलेल, हा हलायचा नाही!"

"पहाडाचं राहू द्या. तुम्ही समोर बघून चालवा," बायको म्हणाली.

राहिला आवाज. गाडी जुनी, तिच्यात नुसता रेडिओ. त्यावरही तोड निघाली. सिगरेटच्या लायटरच्या भोकात अंगठ्याएवढ्या यंत्राचं एक बोंडूक खुपसायचं. ते फोनचा आवाज हवेतून रेडिओला पोचवतं. बोंडकावर आणि रेडिओवर एकाच स्टेशनचा नंबर लावला की झालं! उत्साहाच्या भरात चष्मेवाल्यांनी तसंच एक होणाऱ्या व्याह्यांना भेट दिलं, त्यांच्या गाडीत स्वतः बसवलं आणि लक्षात राहायला सोपा म्हणून आपलाच नंबर लावून दिला.

व्याही पाण्याच्या टाक्यांचे व्यापारी. त्यांच्या मुलाचं आणि चष्मेवाल्यांच्या पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं. त्या रविवारी दोन्ही जोडपी आपापल्या गाडीने हॉल बघायला निघाली. चष्मेवाले पुढे, व्याही मागोमाग.

वाटेत ताईंचा फोन आला. ताई म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. त्या एकदा बोलायला लागल्या की समोरच्याने फक्त श्वास घ्यायचा. चष्मेवाल्यांनी ऐटीत बटण दाबलं. गाडीभर ताई घुमल्या.

"काय रे, निघालात का?"

तेवढ्यात गतिरोधक आला. गाडी उडाली आणि स्टँड जाळीतून उखडून फोनसकट सीटच्या फटीत गेला. बायकोने हात घातला.

"अहो, निघत नाहीये! सीटखालच्या लोखंडी पट्टीला चिकटलाय!"

इतक्या दिवसांत त्या चुंबकाने पहिल्यांदाच मन लावून काम केलं होतं.

"आणि तो टाकीवाला कसा आहे रे?" ताई चालूच. "तूच म्हणालास ना, टाकी भरली की वाहते, पण हा माणूस रिकामा असला तरी वाहतो!"

"ताई, फोन ठेव!" चष्मेवाले ओरडले.

"काय ठेवू? ऐकू येत नाही. विहिणीच्या घोरण्याचं सांगत होतास, ते काय?"

बायकोने रेडिओच बंद केला. गाडीत एकदम शांतता. "सुटलो!" म्हणत चष्मेवाल्यांनी घाम पुसला. "बडबडू दे आता सीटखाली. कोण ऐकतंय?"

पुढे सिग्नल लागला. व्याह्यांची गाडी शेजारी येऊन थांबली. त्यांची काच खाली होती आणि आतून ताईंचा खणखणीत आवाज येत होता!

"...मुलगा चांगला आहे म्हणून, नाहीतर त्या बापाला कोण सोसणार, असं तूच म्हणालास की नाही?"

विहीणबाईंनी आपला फोन चार्ज करायला त्यांच्या गाडीतलं बोंडूक उपटून ठेवलं होतं, पण रेडिओ चालू होता आणि तो चष्मेवाल्यांचंच बोंडूक पकडत होता. नंबर तोच. लक्षात राहायला सोपा! व्याही समोर बघत होते. मान जराही हलत नव्हती.

"आपलं काढा ना ते!" बायको किंचाळली. चष्मेवाल्यांनी बोंडूक उपटलं. सिग्नल सुटला.

"मोडलं हो लग्न," बायको पुटपुटली. "पोरीला काय तोंड दाखवायचं?"

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून पोरीचा चेहरा हलेना.

हॉलसमोर चौघे उतरले. चष्मेवाल्यांनी हात जोडले. व्याही चष्मेवाल्यांच्या गाडीत वाकले, बाही वर सारली, टाकीत उतरल्यासारखा अख्खा हात सीटखाली घातला आणि फोन हिसकून काढला. ताई अजून बोलत होत्या!

व्याह्यांनी फोन कानाला लावला.

"ताई, नमस्कार. मी टाकीवाला."

ताई लगेच म्हणाल्या, "बरं झालं भेटलात! आमच्या गच्चीवरची टाकी खालून पाझरते. काय करावं?"

व्याह्यांचा चेहरा खुलला. "सिमेंटची की प्लॅस्टिकची?"

मग काय! व्याही बोलत बोलत झाडाच्या सावलीला गेले. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "घोरते हो मी," त्या चष्मेवाल्यांच्या बायकोला म्हणाल्या, "म्हणून तर यांचं बोलणं ऐकू येत नाही!" दोघींनी हॉल पाहिला, जेवणाची जागा पाहिली, हॉलचं बुकिंगही करून टाकलं. चष्मेवाले पायरीवर बसून राहिले.

निघताना व्याह्यांनी तापलेला फोन त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या ताई म्हणजे लाखात एक! लग्नात त्यांना माझ्या शेजारीच बसवा."

चष्मेवाल्यांनी फोन कानाला लावला. "ताई, वाचवलंस गं!"

"लाज नाही वाटत?" ताई कडाडल्या. "इतका लाघवी माणूस! आणि माझ्यापाशी येऊन त्याची नालस्ती करतोस? आईला सांगते थांब!"