पाळण्याखालचे अण्णा

आमचे घरमालक हनुमंतअण्णा दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन शहराबाहेरच्या मोठ्या पार्कात दोन दिवस मुक्कामाला जायचे, आणि तिथल्या एकाही पाळण्यात, गाडीत किंवा होडीत बसायचे नाहीत. एकदाही नाही. मग करायचे काय? तर आमचं सामान धरायचे.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस भित्रा असेल. मलाही तसंच वाटलं होतं. सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पुण्याहून बेंगळुरात बदली झाली आणि आम्ही दोघं छोट्या मुक्ताला घेऊन राजाजीनगरात अण्णांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. कन्नडचा गंध नाही, ओळख कुणाची नाही. मी दिवसभर खिडकीत उभी राहून रिक्षा बघत बसायचे. एके दिवशी अण्णा जिन्यातूनच म्हणाले, "वैनी, दसऱ्याला पार्कला जायचं हाय. तुमची तीन माणसं धरलोय. चटणी तुमच्याकडं." विचारलं नाही, सांगितलं. पुण्यात मला असं कुणी परस्पर धरलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. इथे गपचूप शेंगदाणे भाजायला घेतले.

अण्णांच्या मूळच्या मराठी घराण्याला बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. स्टीलच्या भांड्यांचं दुकान, खाली दोन खोल्या आणि एकटा जीव. लग्नाचं विचारलं की "राहून गेलं की ते," म्हणायचे, दूध आणायचं राहून गेल्यासारखं.

तर पार्क. दारात सिमेंटचा एक हत्ती होता. आत शिरल्यावर अण्णा पहिल्यांदा त्याच्याकडे जायचे, पायावर थाप मारून कन्नडमधून त्याची खुशाली विचारायचे आणि मगच बाकीच्यांना पुढे सोडायचे. एका वर्षी हत्तीची सोंड तुटलेली निघाली, तर अण्णा दुपारपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत. हत्तीनंतर आकाशपाळण्यासमोरचं करंजाचं झाड, त्याच्याखालचा बाक. तिथे डबे ठेवायचे. चपाती, माझी चटणी, समोरच्या सरोजाक्काचा दहीभात. दुपारचा मेनू बदलायचा नाही, बाक बदलायचा नाही, रात्रीचा पार्कासमोरचा लॉजसुद्धा बदलायचा नाही, आणि त्या लॉजची गादी बदलली असती तर उपकार झाले असते.

"अण्णा, एखाद्या वर्षी उटीला जाऊ या की," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "उटीला हात कुणाला करायचा?"

हीच त्यांची खरी भानगड होती. सामान धरणं हे अर्धंच काम. पाळणा फिरायला लागला की अण्णा खांद्यावरचा पिवळाधमक टॉवेल काढायचे आणि आपलं माणूस समोर आलं की डोक्यावर गरागरा फिरवायचे. प्रत्येक फेरीला. प्रत्येकासाठी. "फिरणाऱ्याला खालनं कुणीतरी हात केला पायजे, वैनी. नाहीतर तो नुसताच फिरतोय."

"मग हात करा की. टॉवेल कशाला?"

"चष्मा माझ्याकडं दिलेल्याला हात कुठं दिसतोय? टॉवेल दिसतोय."

चष्मा द्यायचाच, हा नियम. चष्मा, घड्याळ, चपला, किल्ल्या. पहिल्या वर्षी सुधीरने दिला नाही. "मी बघतो माझं," म्हणाला. त्याची होडी उंचावरून धाडकन पाण्यात आली आणि चष्मा जो गेला तो गेलाच. उरलेला सगळा वेळ नवऱ्याने पार्क धूसर बघितलं, आणि तिसऱ्याच बाईला "चल, डबा उघड" म्हणून आला. अण्णा फक्त म्हणाले, "सरी, असू दे. पुढच्या वर्षी द्या." आणि त्या 'पुढच्या वर्षी'मुळे आमचं दरवर्षीचं होऊन बसलं.

हळूहळू परकी माणसंही अण्णांच्या हातात वस्तू द्यायला लागली. चेहराच तसा. हासनकडच्या एका आजोबांनी रुमालात गुंडाळून आपली कवळी दिली होती. एका जोडप्याने तर रांगेतून धावत येऊन तान्हं बाळच दिलं. बाळ रडायला लागलं तेव्हा अण्णा त्याला घेऊन हत्तीकडे गेले, आणि इकडे आईबाप वरून बघतात तर बाकावर ना म्हातारा ना मूल. त्या बाईने वर असा काही टाहो फोडला की चालकाने पाळणाच थांबवला.

मला स्वतःला पाळण्यांचं वेड नाही. पण त्या दोन दिवसांत काही ठरवायचं नसे. कुठे जायचं, काय खायचं, कुठे बसायचं, सगळं आधीच ठरलेलं. मी त्या बाकावर जशी शांत झोपले आहे तशी माहेरीही झोपलेली नाही. सरोजाक्काने मला पहिलं कन्नड तिथेच शिकवलं. या शहरात मला माणसं मिळाली ती त्या करंजाखाली, आणि त्याबद्दल अण्णांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

पण मुलं मोठी व्हायची थांबत नाहीत. नव्वदचं दशक संपत आलं आणि गल्ली पांगायला लागली. सरोजाक्काची मुलं नोकरीला लागली, ती स्वतः मुलीकडे मारतहळ्ळीला गेली. आमच्या लेकीची, मुक्ताची, बारावी. "आई, दरवर्षी तेच तेच," असं म्हणून तिने मैत्रिणीकडे अभ्यासाला राहायचं ठरवलं. दसरा आठवड्यावर आला आणि कुणीच पार्काचं नाव काढेना.

अण्णा वर आले. कधी वर येत नसत. खुर्चीच्या टोकावर बसून टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "या वर्षी कोण येतंय असं दिसत नाही, वैनी. लॉजवाल्याला नको म्हणून सांगू काय?"

मी नाही म्हटलं असतं तर ते 'सरी' म्हणून खाली गेले असते, आणि पार्क कायमचं संपलं असतं. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. "आम्ही दोघं येतो," मी म्हणाले. "चटणी आमच्याकडं." सुधीरने पेपराआडून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. हुशार आहे तसा.

तर आम्ही तिघंच गेलो. हत्तीला विचारून झालं. बाकावर डबा ठेवला, आणि तीन माणसांत तो बाक केवढा लांब दिसायला लागला. अण्णांना हात करायला कुणी हवं म्हणून मी आणि सुधीर, चाळिशी ओलांडलेली दोघं, निमूटपणे आकाशपाळण्यात बसलो. खालून टॉवेल फिरला. पण दोघांसाठी किती फिरवणार? उतरलो तेव्हा अण्णा आमचं सामान मांडीवर घेऊन बसले होते.

मी शेजारी बसले. "अण्णा, तुम्ही का हो बसत नाही?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचं आणि दरवर्षी गुडघा नाहीतर पोट कारण निघायचं. त्या दिवशी काही निघालं नाही.

"लहानपणी बसलोय की एकदा. आईबाप नव्हते, मामाकडं होतो. मामानं जत्रेत पाळण्यात बसवलं. वर गेलो, खाली बघितलं. प्रत्येकाचं कोणतरी खालनं हात करत होतं. मी मामाला शोधलो. दुसऱ्या फेरीला शोधलो, तिसऱ्या फेरीला शोधलो. मामा आपली पोरं घेऊन जिलबी खायला गेलता." लगेच पुढे म्हणाले, "वाईट माणूस नव्हता. भूक लागली असंल." मग टॉवेल गुडघ्यावर सरळ केला. "तवाच ठरवलं. आपण वर जायचं नाही. खाली उभारायचं."

मी रडूबाई नव्हे. मी म्हणाले, "उठा."

"कुठं?"

"वर."

"उगंच काय वैनी. सामान कोण धरणार?"

"मी आहे की," मी म्हणाले. हे वाक्य त्यांचंच होतं. बाकी सगळ्यांना ते इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

सुधीरने त्यांना दंडाला धरून पाळण्यापर्यंत नेलं. नियमाप्रमाणे अण्णांनी एकेक वस्तू माझ्या हातात दिली. घड्याळ, दुकानाच्या किल्ल्या, कंगवा, चपला. शेवटी टॉवेल आणि चष्मा. चष्म्याशिवायचा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. फार लहान दिसत होता.

पाळणा सुरू झाला. दांडी दोन्ही हातांनी धरून अण्णा वर गेले, खाली आले, आणि डोळे बारीक करून गर्दीत शोधायला लागले. मी हात केला. सुधीरने हात केला. अण्णा भलतीकडेच बघत होते. दुसऱ्या फेरीला मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. अगं बाई, चष्मा माझ्या हातात. मी माझ्या पायातल्या चपला काढल्या, पदर खोचला, बाकावर चढले आणि तो पिवळा टॉवेल डोक्यावर जीव खाऊन फिरवायला लागले. आजूबाजूचे लोक बघत राहिले. बघोत.

तिसऱ्या फेरीला अण्णांची मान थांबली. दांडीवरचा एक हात सुटला आणि वर झाला. पुढच्या फेरीला तर ते वरूनच हात उंचावून खाली आले.

उतरल्यावर त्यांनी आधी चष्मा लावला. घड्याळ, किल्ल्या, कंगवा, सगळं तपासून खिशात ठेवलं. चपलांत पाय घातले. टॉवेल मात्र मागितला नाही. जरा वेळ पाळण्याकडे बघत उभे राहिले, आणि चष्मा काढून परत माझ्यापुढे धरला.

"वैनी, स्वल्प अजून एकदा बसू काय?"

"बसा की," मी म्हणाले, आणि परत बाकावर चढले.