सगळं लाव

चूक भावोजींची होती. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ती अजून माझ्या नावावर खपते आहे.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा, एका लाँड्रीचे मॅनेजर. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं (कॉलेजनेही मला थांब म्हटलं नाही), तेव्हा ताईने रडून-भेकून मला त्यांच्या हाताखाली चिकटवलं. वडिलांनी दम भरला, "इथून हाकललं, तर गुपचूप पुन्हा कॉलेजात जायचं." म्हणजे नोकरी टिकवणं भाग होतं, आणि ती टिकणार होती भावोजींचं बोलणं समजण्यावर. इथेच सगळं अडलं. मॅनेजरकी करून करून त्यांच्या वाक्यातला कर्ता आणि कर्म झडून गेलं होतं, नुसतं क्रियापद उरलं होतं. 'काढ.' 'घे.' 'बघ.' काय काढायचं, कुठून घ्यायचं, कशाला बघायचं, ते तुम्ही ओळखा. नाही ओळखलं तर 'आजकालची मुलं'.

त्या दुपारी ते जेवायला घरी निघाले आणि दारातून म्हणाले, "मी येईपर्यंत सगळं लाव."

"लावू म्हणजे नक्की काय करू, भावोजी?"

"लाव म्हणजे लाव! मराठीच बोलतोय ना मी?"

मराठीच बोलत होते, तीच तर पंचाईत. मराठीत दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की चालू होतो. लाँड्रीत मशीन लावतात. पण धुवायचे कपडे सकाळीच संपले होते. टेबलावर होते ते इस्त्री केलेले गठ्ठे. मी (शहाणा ना!) फोन केला.

"भावोजी, इस्त्री झालेलेपण लावू?"

"अरे, तेच तर लावायचेत! ते नाही तर काय मला लावतोस?"

मागून ताईचा आवाज आला, "जेवताना कशाला घेता हो त्याचा फोन?"

"आणि खुंटीवरचा तुमचा लोकरी कोट?"

"तोपण नीट लाव. नुसता लोंबतोय." फोन कट.

याहून स्पष्ट विचारायचं तर वकीलच करावा लागला असता. मी सगळी मशीनं भरली. हॉटेलच्या पांढऱ्या चादरींत कुणाचा तरी लालभडक गाऊन गेला. कोटाला 'नीट' म्हटलं होतं, म्हणून त्याला स्वतंत्र मशीन दिलं आणि कडकडीत पाणी.

मालक पाहणीला येणार होते, म्हणून कपडे कपाटात मांडून लावायचे होते आणि कोट हँगरला. एवढं एक वाक्य. पण ते भावोजींनी पोटातच ठेवलं, भाताबरोबर खाली गेलं असेल.

मालक आले. त्यांच्या मागोमाग ढेकर देत भावोजी आले. सगळी मशीनं गरगरत होती. चादरी निघाल्या त्या गुलाबी. कोट बाहेर आला तेव्हा मला वाटलं, आत कुणाच्या बाळाचा राहिला होता. मालकांपुढे नुसत्या शर्टात कसं उभं राहायचं म्हणून भावोजींनी तो ओला कोट अंगात घुसवला (यांना मॅनेजर कुणी केलं, हा प्रश्न तेव्हा फक्त मलाच पडला). बाह्या कोपरापाशी संपल्या. दोन्ही हात असे वर राहिले, की जणू भावोजी आता शरण येतायत.

"याला काय सांगितलं होतंत?" मालकांनी विचारलं.

"सगळं लाव म्हटलं, साहेब."

"मग बरोबरच सांगितलंत की!" मालक म्हणाले. मोठ्यांचं मोठ्यांना बरोबर कळतं. धुतला जातो तो खालचा. मग ते माझ्याकडे वळले, "चल, दार लाव."

"आतून की बाहेरून, साहेब?"

"बाहेरून."

त्या नोकरीत मला मिळालेली ती एकमेव स्पष्ट सूचना.

नोकरी गेली. आता मी धाकट्या बहिणीच्या वर्गात, तिच्या मागच्या बाकावर बसतो. ओळख दाखवायची नाही, असं तिने बजावलं आहे.