सुतार, घड्याळजी आणि इतर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण मी बसवलेलं दार आजवर कधी कुरकुरलेलं नाही. (कुरकुरते ती बायको.) हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला अगदीच खुळा समजणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायला आला. माझ्याच वयाचा, पण केस शाबूत. आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, ते त्याने फुकट चालू करून दिलं. झालं. त्या दिवसापासून घरात बायकोचा जप सुरू. घड्याळजी किती हळू बोलतात, काम झाल्यावर टेबल स्वतः पुसतात. पुढच्या आठवड्यात घड्याळ पुन्हा बंद. मी मागे पाहिलं, तर सेल काढलेला. कुणी काढला, ते मी विचारलं नाही.

मी ठरवलं, एकदाचा निकाल लावायचा. सुतार थोर की घड्याळजी, हे इमारतीलाच विचारायचं. सूनबाई एका कंपनीत लोकांची मतं गोळा करते. साबण कुठला आवडतो वगैरे. तिला म्हटलं, प्रश्नावली करून दे.

"बाबा, तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय?" तिने विचारलं. "आणि कुणाकडून?"

"जनतेकडून," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघराकडे बघून हसली. मग नियम सांगत बसली. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. प्रश्नातच उत्तर कोंबू नका. लोक लिहीत असताना समोर उभे राहू नका. आधी एक-दोघांवर करून बघा. आणि पर्यायांच्या शेवटी 'इतर' ठेवा.

'इतर' मी खोडलं. "दार उघडं असतं, नाहीतर बंद. तिसरं नसतं."

"किलकिलं असतं की," ती म्हणाली. सुना हल्ली बोलतात.

प्रश्न मीच लिहिले. पहिला: तुमचं दार नीट लागतं का व ते कुणी बसवलं हे आठवतं का? दुसरा: कष्टाळू व विश्वासू सुतार चांगला, की नुसता गोड बोलणारा घड्याळजी?

रविवारी सकाळी निघालो. पहिल्याच घरातल्या बाई म्हणाल्या, "नाही." दार लागत नाही की आठवत नाही, काही कळेना. (सूनबाईचा पहिला नियम इथे आठवला.) अब्रूचा प्रश्न होता. खाली जाऊन रंधा आणला आणि दार तासून दिलं.

बातमी जिन्याने माझ्या आधी वर गेली. मग प्रत्येक घरात पहिल्या प्रश्नाला "नाही". दुपार कलली तरी मी दारं तासत होतो, फुकट. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्यांनी सुतारच म्हटलं. रंधा घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाला दुसरं कोण काय सांगणार, असं सूनबाईचं मत. ते मी विचारलं नव्हतं.

शेवटी घड्याळजीचं दार आलं. त्याने चष्मा पुसला, दोन्ही प्रश्न शांतपणे वाचले आणि हळू आवाजात म्हणाला, "सुतार. यात विचारायचं काय?" वर पाणी दिलं. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. हरण्यातही तो माझ्यापुढे गेला.

निकाल एकमुखी लागला. कागदांचा गठ्ठा मी बायकोसमोर ठेवला. तिने तो न बघता बाजूला सारला आणि शेंगा सोलत राहिली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मला विचारायचा होता एकच प्रश्न, तोही एकाच माणसाला. त्यासाठी मी अख्खी इमारत चढलो होतो.

घसा खाकरला. "खरं सांग, तुला कोण जास्त आवडतं? मी, की घड्याळजी?"

हातातली शेंग तशीच धरून तिने विचार केला. (बराच वेळ.)

"अहो, दोनच पर्याय आहेत?" ती म्हणाली.

मी तसाच वर गेलो आणि घड्याळजीला सगळं सांगितलं. त्याचाही चेहरा पडला. त्याने माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या खोलीत बसतो आणि जिन्यावरून कोण येतं-जातं, ते बघतो. दार किलकिलं ठेवून.