किल्ली खुंटीलाच होती

सरळ उघडणाऱ्या दारावर शहाण्या माणसानं विश्वास ठेवू नये. मी सातवी पास, मला हे आधीपासून माहीत होतं. आमच्या मेघाला त्यासाठी कॉम्प्युटरची चार वर्षं काढावी लागली, पण पोहोचली ती तिथंच.

मेघा माझी भाची, धुळ्याला कॉलेजात. शेवटच्या वर्षी काहीतरी बनवून दाखवावं लागतं, तर हिनं खेळ बनवला. मारामारीचा नाही. पडद्यावर चित्र असतं. चित्रातल्या वस्तूवर क्लिक करायचं, ती उचलून पिशवीत टाकायची, दुसऱ्या कशाला तरी लावून बघायची. लागली तर गोष्ट पुढं सरकते. (अमळनेरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं मी हेच करतोय. याला खेळ म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.)

खेळात काम एकच, गावच्या कचेरीतून रहिवासी दाखला काढायचा.

कॉलेजची अट मात्र लेखी होती. कोडी तर्काला धरून असावीत, खेळणाऱ्यावर अन्याय करणारी नसावीत, आणि सात सामान्य माणसांपैकी किमान पाचांनी, कुणाला न विचारता, तासाच्या आत खेळ संपवावा. नाही संपवला तर मेघा नापास. नाशिकला ठरलेली नोकरीही गेली.

सामान्य माणसं पुरवायचं खातं माझ्याकडं आलं. हे अवघड, कारण आमच्याकडं जो भेटतो तो कशाचा ना कशाचा अध्यक्ष असतो. तरी जमवली. भाजीवाल्या सुगंधाबाई, रिक्षावाले निंबाभाऊ, माझ्या दुकानातला कौतिक, गल्लीतले तिघं आणि स्वतः मी. सातांचं शिक्षण मिळून एकेचाळीस वर्षं. त्यातली तेरा एकट्या कौतिकची. दहावीत तो चार वर्षं होता. वर्ग आवडला होता.

आधी देवरे सर बसले. परीक्षक. पुण्याला शिकलेले, चांगला माणूस. कचेरीला कुलूप, म्हणून सरांनी किल्ली शोधायला सुरुवात केली. कुंडीखाली, पायपुसण्याखाली, पत्र्यावर. शेवटी मेघानंच दार उघडून दिलं. पुढं चित्रातली लाईट गेली, तर सरांनी फ्यूज, वायर, मीटर असं करत चाळीस मिनिटं घालवली. दोन तासांनी उठले.

मग सुगंधाबाई बसल्या. त्या कचेरीकडं गेल्याच नाहीत. चित्रातल्या टपरीवर जाऊन त्यांनी दोन चहा सांगितले. दुसरा चहा कोतवालानं उचलला. त्याला त्याच्या म्हशीची तब्येत विचारली. किल्ली मिळाली. आत कपाट उघडेना, तर खाली डाव्या कोपऱ्यात एक लाथ. फोटो चिकटवायचा तर डिंक वाळलेला, म्हणून कारकुनाच्या डब्यातलं भाताचं शीत. मग लाईट गेली. सुगंधाबाईंनी शांतपणे पिशवी उचलली आणि निघायला पाठ फिरवली. लाईट आली.

"पण हे कळायचं कसं?" सर म्हणाले. "यात तर्क काय?"

"दादा, आपण जावाले लागनूत का लाईट येस," सुगंधाबाई म्हणाल्या. "हाई कोणले माहीत नई शे?"

सातपैकी सात पास. सगळ्यात जास्त वेळ निंबाभाऊंना, चौतीस मिनिटं. (त्यात तंबाखू मळायची सहा धरलेली आहेत.) पण सरांनी निकाल रद्द केला. खेळणाऱ्यांना पूर्वज्ञान होतं म्हणे. जिवंत आहोत, एवढंच होतं. शुक्रवारपर्यंत कोडी तर्काला धरून करून आणा, असा हुकूम झाला.

मेघानं केली. किल्ली दाराशेजारी खुंटीला. ती लावली की दार उघडतं. आत कारकून बसलेला. दाखला मागितला की देतो, तो घेऊन बाहेर पडायचं. खेळ संपला. सरांनी दोन मिनिटांत संपवला आणि म्हणाले, याला म्हणतात न्याय.

मग आम्ही सात जण बसलो.

निंबाभाऊंनी किल्ली बघितली आणि हसले. "ही पोर माले येडा समजस का?" किल्लीला हात न लावता तासभर कचेरीच्या मागं फिरत राहिले. कौतिकनं दार उघडलं, घाबरला, परत कुलूप लावून किल्ली होती तिथं टांगली. सुगंधाबाई कारकुनापर्यंत पोहोचल्या. त्यांनी मागितला, त्यानं लगेच पुढं केला, आणि यांनी हात मागं घेतला. "इतलं लवकर देस म्हणजे खोटा व्हई." मग पन्नास मिनिटं त्याला चहा पाजला, म्हैस विचारली, पाठ फिरवून बघितली. तो आपला एकच बोलायचा, दाखला घ्या. मी शिकलेला माणूस, मी दाखला घेतला. आणि शिक्क्याच्या रांगेत उभा राहिलो. खेळात शिक्का नव्हता. रांगही नव्हती. मी एकटाच होतो, तरी नंबर लागला नाही.

गल्लीतले तिघं दारातच बसून राहिले.

सातपैकी शून्य. टक्केवारीही तेवढीच आली.

मेघा माझ्याकडं वळली. "मामा, आता याच्याहून सोपं काय करू?"

"सोपं करू नको बाई," मी म्हणालो. "जरा खरं कर."

तिनं दोनच बदल केले. दारावर 'बंद' अशी पाटी. आणि कारकुनाचं पहिलं वाक्य, "आज होणार नाही, सोमवारी या." बाकी सगळं तेच. किल्ली तिथंच, दाखला तोच.

शुक्रवारी सातही जण पास. सरासरी अकरा मिनिटं. पाटी बघून निंबाभाऊंचा चेहरा खुलला. "आते कसं, वयखीनं वाटस," असं ओळखीचं दार भेटल्यासारखं म्हणून त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. सरांनी मार्क दिले, शेरा लिहिला, 'तर्कशुद्ध'. मग हौस म्हणून स्वतः खेळायला बसले, कारकुनाचं ऐकून उठले, आणि खरोखर सोमवारी आले.

मेघा नाशिकला रुजू झाली. जाताना खेळ माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकून गेली. तुम्हीही या. दार उघडं असतं, पैसे पडत नाहीत, नाव लिहून घेत नाही, चहा मी पाजतो.

तीन महिने झाले हे मी सगळ्यांना सांगतोय, अजून एकही माणूस फिरकला नाही. आणि तुम्हीसुद्धा आत्ता मनात म्हणालात, यात काहीतरी गोम असणार.

म्हणून उद्यापासून दुकानावर 'बंद' अशी पाटी लावतोय. मग याल.