तीन शिट्ट्यांचं यंत्र

"पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय मी! इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय, दोन वायरी!" असं म्हणत यज्ञेश उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेला आणि पिशवीभर सुटे भाग घेऊन चिखलोलीच्या फ्लॅटवर परतला.

पहिला एलईडी त्याने थेट बॅटरीला जोडला. तो एकदा झगमगला आणि कायमचा विझला! मग कपॅसिटर उलटा लावला. तो लवंगी फटाक्यासारखा फुटला आणि त्यातला कापसासारखा लगदा थेट फळीवरच्या बरण्यांवर!

"इथे अनडू कसं करायचं?" यज्ञेश पुटपुटला.

"झाडूने," त्याची बायको प्राची म्हणाली आणि झाडू हातात दिला.

पण गडी चिकाटीचा! बोटं भाजून घेत त्याने यंत्र उभं केलंच. साबणाच्या डबीत माइक, इवलासा स्क्रीन आणि बझर. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, तिसरीला ठणाणा करायचा. बस्स!

रविवारी प्राचीचे आईबाबा कुळगावहून जेवायला आले. नवीन घरातलं त्यांचं पहिलंच जेवण.

"आज वरणभात माझा!" यज्ञेशने जाहीर केलं. कुकर चढवला, यंत्र ओट्याच्या कडेला ठेवलं. ओट्याला लागूनच सोफा. त्यावर सासरे पेपर घेऊन रेलले.

थोड्याच वेळात यंत्राने ठणाणा केला! यज्ञेशने ऐटीत गॅस बंद केला.

"अरे, मला तर एकही शिट्टी ऐकू आली नाही!" प्राची म्हणाली.

"माणसाचे कान चुकतात गं. सेन्सर चुकत नाही."

झाकण उघडलं. वर नितळ पाणी, तळाशी डाळ, अगदी रस्त्यावरच्या खडीसारखी!

यज्ञेश आत धावला. लॅपटॉप ओट्यावर आला. कोड वरून खाली वाचला, खालून वर वाचला. चूक सापडेना! आणि गॅस बंद असतानाही स्क्रीनवर आकडा पुन्हा पहिल्यापासून चढत होता. एक... दोन...

सासूबाई सुनंदाबाई काय चाललंय ते बघायला आल्या. तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "घर्रर्र... फुईईई!"

स्क्रीनवर तीन! ठणाणा!

सासरे दचकून उठले. "काय झालं? कुठे आग लागली?"

"आग कसली! तुम्ही घोरलात!" सुनंदाबाईंचा चेहरा नुसता फुलला होता. "लग्न झाल्यापासून सांगतेय, घोरता आणि वर शिट्टीही मारता! आता मशीनच सांगतंय!"

"मी डोळे मिटून विचार करत होतो! मशीन बिघडलंय!" सासरे लालबुंद झाले. "यज्ञेशराव, तुम्हीच सांगा. बरोबर कोण? तुमचं मशीन की मी?"

तिघांच्या नजरा यज्ञेशवर! आयुष्यात पहिल्यांदा त्याने हाताने काहीतरी बनवलं होतं आणि ते अचूक चाललं होतं. ऑफिसात ढळढळीत दिसणारा बगही 'आमच्याकडे तर चालतंय' म्हणत टेस्टिंगवाल्यांना परत पाठवणारा माणूस तो! त्याने एकदा डबीकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"बग आहे, बाबा," तो म्हणाला. "माझाच."

सासऱ्यांनी मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "असू दे! नवीन आहात. शिकाल हळूहळू."

प्राचीने कुकर पुन्हा चढवला आणि शिट्ट्या स्वतःच्या कानांनी मोजल्या. पानं वाढताना सुनंदाबाई जावयाजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तो बग काढू नका हं. डबी असू दे तशीच. मी घरी घेऊन जाते!"